खाडीचा प्राणवायू

साष्टी बेटाला मुख्य भूमीपासून विलग करणारी ठाण्याची खाडी नकाशात समुद्राचाच एक फाटा दिसते. परंतु सांडपाणी सामावून घेण्याची समुद्राची शक्ती तिच्या ठायी नाही. दक्षिणेस रुंद असलेले तिचे पात्र उत्तरेकडे अरुंद व उथळ होत जाते. दिवसातून दोनदा ओहोटी लागते खरी; पण वरच्या भागातील पाणी बाहेर पडण्यापूर्वीच पुढील भरती त्याला मागे लोटते. त्यामुळे खाडीत सोडलेली घाण दीर्घकाळ तेथेच रेंगाळते.

मैलापाण्याचे सामान्य शुद्धीकरण दोन टप्प्यांत होते. प्रथम जाळ्या व निवळण-टाक्या यांच्या साहाय्याने कचरा, रेती व गाळ वेगळा करतात. नंतर पाण्यात हवा खेळवून जीवाणूंकरवी विरघळलेले सेंद्रिय द्रव्य खाववितात. क्रियाशील गाळाची ही पद्धत आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टर येथे सिद्ध केली. असे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते. मग आणखी शुद्धीकरणाची आवश्यकता काय?

याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. मैलापाण्यात अमोनियाच्या रूपाने नत्र असते. त्याचे प्रमाण दर लिटरला ३० मिलिग्रॅम आहे असे समजू. निसर्गातील जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, तेव्हा एक मिलिग्रॅम नत्रामागे सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या समुद्रजलात दर लिटरला जेमतेम सहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. म्हणजे एक लिटर मैलापाण्यातील केवळ अमोनिया वीसहून अधिक लिटर समुद्रजलाचा प्राणवायू संपवू शकतो. हाच प्राणवायू मासे, कोळंबी व खेकडे यांच्या श्वसनासाठी लागतो, आणि त्यांच्यावर खाडीकाठच्या कोळीवाड्यांचा चरितार्थ अवलंबून असतो.

हे कार्य खाडीवर न सोपविता केंद्रातच उरकणे, हा प्रगत शुद्धीकरणाचा पहिला हेतू होय. भरपूर हवा दिलेल्या टाकीत अमोनियाचे नायट्रेट होते. पण नायट्रेट हे शैवालाचे खत आहे. शैवाल माजून मेले की त्याच्या कुजण्याने प्राणवायू पुन्हा घटतो. म्हणून ते पाणी हवा नसलेल्या टाकीत वळवून त्यात नवे मैलापाणी मिसळतात. तेथील जीवाणू अन्न पचविण्यासाठी नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात व उरलेला नत्र वायुरूपाने वातावरणात जातो. हवा देणे व थांबविणे या क्रिया एकाच टाकीत आळीपाळीनेही करता येतात. खाडीच्या पूर्व तीरावर नवी मुंबईने अशीच केंद्रे उभारली आहेत. स्फुरद काढण्यासाठी तुरटी किंवा लोहक्षार वापरतात. शेवटी पाणी गाळून निर्जंतुक करतात.

खाडीतील रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पक्ष्यांचे थवे पाहून पाणी निर्मळ असल्याचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु लहान रोहित प्रामुख्याने सूक्ष्म शैवालावर जगतो. त्यामुळे त्याची उपस्थिती पाण्याच्या शुद्धतेचा पुरावा ठरत नाही. या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा व २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. पाण्याचा दर्जा मात्र वेगळ्या प्रयत्नांनीच सुधारावा लागतो.

मुंबईने घाटकोपर व भांडुप येथे मैलापाणी हवा घातलेल्या तलावांत राखून खाडीकडे सोडण्याची योजना केली होती; वरळी व वांद्रे येथे ते सुमारे तीन किलोमीटर दूर खुल्या समुद्रात नेले. समुद्राच्या विस्तारावर विसंबण्याची ही रीत बदलण्यासाठी २०२३ मध्ये सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर इतकी योजिली आहे.

तथापि, केंद्र कितीही प्रगत असले तरी जे पाणी तेथे पोचते तेवढेच ते शुद्ध करू शकते. ज्या वस्त्यांत मलवाहिन्या नाहीत, तेथील मैला उघड्या नाल्यांतून थेट खाडीस मिळतो. म्हणून केंद्रांच्या बरोबरीने गल्लोगल्ली नळ टाकणे हेही खाडीच्या रक्षणाचेच काम आहे.