अखाजीची यात्रा आणि हिमाची वाट

खानदेशांत अखाजीचे झोके निंबाला बांधले जातात, जळगांव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकूं लागतो, आणि त्याच अक्षय्य तृतीयेस तिकडे यमुनोत्री व गंगोत्रीचीं दारें उघडतात. केदारनाथचेंही त्याच सुमारास उघडतें. आपल्याकडील कित्येक घरांतून वडील माणसें याच मुहूर्तावर निघतात. पंचांगाप्रमाणें हा वसंत खरा. पण ३,५८३ मीटर उंचीवरील केदारनाथीं हिंवाळ्याचें हिम अजून पुरतें वितळलेलें नसतें. गौरीकुंडाहून वर जातांना कांहीं ठिकाणीं हिम कापूनच वाट काढलेली असते.

अमरकोशांत हिमाच्या राशीस ‘हिमानी’ असें नांव आहे. ही हिमानी थराथरांनीं बसते. ऊन तापलें कीं वरचें पाणी खालीं झिरपतें, थरांची परस्परांवरील पकड सुटते, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरील रास आपल्याच भारानें घसरते. असें ओलें हिम फार जड. थांबतांच इतकें घट्ट बसतें कीं, आंतील मनुष्यास हातही हलवितां येत नाहीं. त्यास पहिल्या पंधरा मिनिटांत काढलें तर बहुधा तो वांचतो. पुढें आशा झपाट्यानें घटते. निरभ्र रात्रीं गोठलेला उतार पहांटे टणक असतो, दुपारीं तोच घातक.

२०२३ च्या मे महिन्याच्या आरंभीं भैरव व कुबेर नाल्यांपाशीं हिम कोसळून केदारनाथची वाट बंद पडली होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं बदरीनाथजवळ माणा येथें रस्त्याच्या कामावरील ५४ माणसें सांपडलीं. त्यांपैकीं ४६ वांचलीं. लोखंडी खोल्यांत असल्यामुळें कित्येकांस श्वास घेतां आला.

आमच्या वहिनींचें वय सत्तरीपुढचें. स्नान-पूजेवांचून पाऊल न टाकण्याचा नेम त्यांनीं तेथेंही पाळला, आणि आम्हीं नाला गांठला तो भर दुपारीं. वरून नारळाएवढे हिमाचे गोळे घरंगळत होते. मला त्याचें कौतुकच वाटलें. ती पूर्वसूचना असते हें डंडीवाल्यांनीं सांगितलें. त्यांनीं आम्हांस एकेकास, मध्यें अंतर ठेवून, न थांबतां पलीकडे नेलें.

यंदा धाकटे बंधु सहकुटुंब जाणार आहेत. त्यांस मीं दसऱ्यानंतरचे दिवस सुचविले. केदारनाथचें दार भाऊबीजेस मिटतें. वैशाखांतच जाणें झालें तर नाला पहांटे ओलांडावा, पूजा वर पोहोंचल्यावर करावी, आणि वाट बंद केल्याबद्दल पोलिसांशीं हुज्जत घालूं नये. पूजेविषयीं वहिनींचें मत अद्याप निराळें आहे.