झिनियाला पाणी मुळाशी, डोक्यावर नको

दारापुढे झेंडू, शेवंती असतेच; त्यांच्या जोडीला झिनियाचा एक वाफा करावा. मोगऱ्याचा सुवास याला नाही, पण लाल, गुलाबी, पिवळे, नारिंगी असे रंग आहेत. झाड मूळचे मेक्सिकोचे, त्यामुळे आपले ऊन त्याला मानवते.

बी जून-जुलैत पेरावे; उन्हाळी फुलांसाठी फेब्रुवारीत. निदान सहा तास ऊन मिळेल अशी, निचऱ्याची जागा निवडावी. मोरीचे पाणी वाहते तेथे वाफा नको. मातीत कुजलेले शेणखत मिसळून बी पाव इंच खोल टाकावे. चार ते सात दिवसांत ते उगवते. विरळणी करून दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. खुडताना हात कचरतो, पण त्यानेच फुटवे येतात. साधारण दोन महिन्यांत फुले लागतात.

हे झाड दुर्लक्षापेक्षा लाडानेच अधिक मरते. संध्याकाळी कळशीभर पाणी वरून ओतले की पाने रात्रभर ओली राहतात आणि ठिपके पडतात. दाटी झाली, हवा कोंडली की भुरी येते. यासाठी पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. भुरी दिसताच रोगट पाने काढून जाळावीत.

दमटपणाचा फटका अवकाशातही बसला आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात झिनिया लावला होता. डिसेंबरात पानांवर बुरशी आली. पंखा वाढवला, तर झाडे सुकू लागली. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी, पाणी कधी द्यायचे ते झाडाकडे पाहून मला ठरवू द्या, अशी मागणी केली. ती मान्य झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये तेथे फूल उमलले. आपणही वार पाहून पाणी देऊ नये. बोटाने माती चाचपावी. वरचा इंचभर थर सुकला असेल तरच द्यावे.

सुकलेली फुले खुडत राहावे, म्हणजे नवी येतात. शेवटी निरोगी झाडांची चार-पाच फुले झाडावरच वाळू द्यावीत. त्यांचे बी कागदी पुडीत, कोरड्या जागी ठेवावे. विकतच्या संकरित बियाण्याचे घरचे बी धरले तर रंग बदलू शकतो, हे ध्यानात असावे. पुडीतले चिमूटभर शेजारणीलाही द्यावे. एखाद्या वर्षी आपले बी गेले, तर तिच्याकडून परत मिळेल.