स्तनाचा कर्करोग आणि ‘कायनेज’ : रिपोर्टमधली एक ओळ वाचायला शिकूया

वस्तीत काम करताना आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : “मी कोणाचं वाईट केलं नाही, मग हा आजार मलाच का?” मागच्या जन्माचे पाप, करणी, नजर ही उत्तरे तयारच असतात. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही बुद्धांची शिकवण मानणाऱ्या आपण तरी खरे कारण समजून घेतले पाहिजे.

आपल्या पेशींमध्ये कायनेज नावाची प्रथिने असतात. मानवी शरीरात ती ५०० हून अधिक प्रकारची आहेत. दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून त्याचे काम चालू किंवा बंद करणे, हे त्यांचे काम. वाढीचा संदेश असा एकाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो.

कर्करोगात ही कळ चालूच राहते. ‘हर-२’ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे असेच एक कायनेज. गाठीतील पेशींमध्ये त्याच्या जनुकाच्या जादा प्रती झाल्या, की वाढीचा संदेश थांबतच नाही. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्के या प्रकारचे असतात. हा बदल संसर्गाने होत नाही, पापानेही नाही.

डेनिस स्लॅमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले, की जादा प्रती असलेल्या रुग्णांमध्ये आजार लवकर उलटतो. त्यातूनच हर-२ ला रोखणारे ट्रॅस्टुझुमॅब आले. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज ते भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि मूळ औषधापेक्षा स्वस्त बायोसिमिलरही इथे मिळतात.

पण हे औषध हर-२ पॉझिटिव्ह गाठीसाठी आहे. म्हणून बायोप्सीनंतरच्या रिपोर्टमध्ये ती ओळ शोधा. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे निर्णय बाकी. त्यासाठी ‘फिश’ ही पुढची तपासणी लागते. एका ताईंची फाइल आम्ही पाहिली तेव्हा ती २+ वरच थांबलेली होती. पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

तरुण मित्रमैत्रिणींनो, विहारातल्या आरोग्य शिबिरात गाठ तपासायला सांगणे पुरेसे नाही. रुग्णासोबत दवाखान्यात जा, रिपोर्ट वाचा, डॉक्टरांना प्रश्न विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे आरोग्यमित्राकडून समजून घ्या. आपल्या आयाबहिणींना दोष नको, उपचार हवेत.