गारगोटीपासून खडूपर्यंत

पितळेची भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासायची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची. पितळ झिजले तरी खालून पितळच निघते. चहापाठोपाठ घरात कपबश्या आल्या, पुढे बेसिन आले. घासणारा हात मात्र तोच राहिला. न चाळलेल्या राखेत वाळूचा कण असतोच, आणि चिनी मातीवरची झिलई म्हणजे काचेचा पातळ थर. तो एकदा गेला की गेला.

फ्रेडरिक मोस यांनी 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी श्रेणी लावली. तिच्यात गारगोटी 7वर आहे. झिलई साधारण 6च्या आसपास येते. तरीही जुन्या घासायच्या पावडरींत दळलेली गारगोटी सर्रास असे. अमेरिकेत 1886 साली निघालेल्या ‘बॉन अमी’ने तिच्याऐवजी फेल्डस्पार घेतला. गारगोटीच्या जोडीने खाणीतून निघणारा, तिच्याहून थोडा मऊ असा हा दगड तोवर टाकून दिला जाई. मला या साऱ्या वाटचालीतले खरे वळण हेच वाटते, कारण इथे पहिल्यांदा कोणी मळाच्या आधी झिलईचा विचार केला. इंग्लंडमध्ये 1904 साली ‘विम’ आली. फ्रान्समध्ये 1969 साली ‘सिफ’ क्रीम आले. त्यातला कण कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्याच जातीचा. त्याचा कठीणपणा जेमतेम 3.

पण याच काळात हिरवी घासणीही घरोघरी पोचली. अशा बऱ्याच घासण्यांत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, कठीणपणा 9! तिने रोज बेसिन घासले की बारीक ओरखडे उठतात, त्यांत मळ बसतो, मळ दिसला की हात आणखी जोराने चालतो. चांगली बेसिने अशी निस्तेज झालेली पाहून जीव हळहळतो.

करडी रेघ दिसली म्हणून लगेच घाबरू नये. तिच्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर बहुधा तो ओरखडा नसतो. स्टीलच्या भांड्याचा किंवा तारेच्या घासणीचा धातू झिलईवर उतरलेला असतो. खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट मऊ फडक्याने हळू चोळली की तो बऱ्याचदा निघतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तर खरवडायचाच नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके त्यावर अर्धा तास ठेवावे, क्षार आपोआप सुटतात. त्या वेळी ब्लीचिंग पावडर जवळही आणू नये. आम्लाशी गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू निघतो.

सोनेरी काठाच्या कपांना मात्र सोडाही नको. तो काठ झिलईच्या वर चढवलेला असतो. त्याला साबणाचे कोमट पाणी आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा पुरतो.