ताहाराबादचे महिपती, समिटचे ॲबट

१९२०च्या दशकात जुन्या साहित्याची दोन मोठी भाषांतरं एकाच सुमारास चालू होती. लंडनमध्ये आर्थर वेली हजार वर्षांपूर्वीच्या मुरासाकी शिकिबूची 'गेंजीची कथा' जपानीतून इंग्रजीत आणत होते. १९२५ ते १९३३ या काळात तिचे सहा खंड निघाले. त्याच वर्षांत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, समिट नावाच्या गावी, जस्टिन ॲबट हे निवृत्त मिशनरी महिपतींच्या ओव्यांत बुडालेले होते. वेलींचं नाव जगभर झालं. ॲबट मात्र नगर जिल्ह्यातही फारसे कुणाला ठाऊक नाहीत. मला हे बोचतं, कारण त्यांनी इंग्रजीत नेलेला ग्रंथकार आपल्या राहुरी तालुक्यातला.

महिपती ताहाराबादचे (१७१५–१७९०). घराण्यात कुलकर्णीपण होतं. एकदा पूजेला बसले असताना जहागीरदाराचं बोलावणं आलं. काम उरकून परतल्यावर, संतचरित्राखेरीज कशासाठीही लेखणी धरायची नाही असा त्यांनी नेम केला, अशी आख्यायिका आहे. १७६२मध्ये 'भक्तविजय' पुरा झाला, ५७ अध्यायांचा. १७७४मध्ये ५१ अध्यायांचं 'भक्तलीलामृत'. नामदेव, जनाबाई, गोरोबा, चोखोबा, तुकोबा आज घराघरांत ज्या रूपात ठाऊक आहेत, ते रूप बऱ्याच अंशी महिपतींनी दिलेलं. 'भक्तविजया'त कबीर, मीराबाई आणि नरसी मेहताही आहेत. पंढरीच्या वाटेवरच्या या लेखकाची नजर महाराष्ट्रापुरती नव्हती. शिवाय उत्तरेकडचे नाभाजी आणि माणदेशातले उद्धवचिद्घन यांचा आधार घेतल्याचं ते स्वतःच सांगतात. अठराव्या शतकातल्या एका गावकुलकर्ण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

ॲबट १८५३चे, अमेरिकन मराठी मिशनचे. हे मिशन नगरला १८३१मध्ये आलं आणि त्याचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२मध्ये नगरातच सुरू झालं. ॲबट यांच्या सेवेची वर्षं मुख्यतः मुंबईत गेली. धर्मप्रसाराला आलेला हा माणूस म्हातारपणी वारकऱ्यांच्या चरित्रांना वाहून घेतो, पदरमोड करून ती छापतो, याचं कारण एकच दिसतं: मराठी संतांनी त्यांना आतून धरलं होतं. 'महाराष्ट्राचे संतकवी' ही त्यांची ग्रंथमाला १९२६मध्ये 'भानुदास'ने सुरू झाली. मग 'एकनाथ', 'बहिणाबाई', 'तुकाराम', 'रामदास'. छपाई पुण्यात.

वेली आणि ॲबट यांच्या पद्धतीत मात्र मोठा फरक. वेलींनी गेंजीला प्रवाही इंग्रजी दिलं, पण एक अख्खा अध्याय गाळला. जपानला ते कधी गेलेच नाहीत. ॲबटनी ओवीमागून ओवी घेतली, गद्यात पण शब्दाला धरून, आणि ओव्यांचे क्रमांक तसेच ठेवले. चमत्कार आले तिथे ते कात्री लावत नाहीत. शब्दाला असं धरून राहिल्यामुळे त्यांचं इंग्रजी ठिकठिकाणी ताठर होतं, महिपतींच्या ओवीची घरगुती लय त्यात उतरत नाही. तरी अभ्यासासाठी मी ॲबटच निवडेन. मूळ मराठीशी ताडून पाहायची सोय त्यांनी प्रत्येक ओवीला ठेवली आहे.

या कामात पंडित नरहर गोडबोले त्यांच्या बरोबरीने होते, आणि 'भक्तविजया'च्या मुखपृष्ठावर दोघांची नावं आहेत. त्या काळी साहेबाच्या पुस्तकात पंडिताला बहुधा प्रस्तावनेतल्या आभारांवर समाधान मानावं लागे. गोडबोल्यांवर कुणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवं.

१९३२मध्ये ॲबट वारले. 'भक्तविजया'चे दोन भाग १९३३ आणि १९३४मध्ये आले, 'भक्तलीलामृत' १९३५मध्ये. हे काम जे. एफ. एडवर्ड्स यांनी तडीस नेलं. पुढे 'भक्तविजया'चं ते भाषांतर दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदासने पुन्हा छापलं. नामदेवांवर, तुकोबांवर इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. महिपतींची मराठी पोथी तर बाजारात सहज मिळते. दोन्ही शेजारी उघडून गोरोबांची कथा ओवी क्रमांकाने वाचत जावी: एका पानावर ताहाराबाद, दुसऱ्यावर समिट, आणि आकडा दोन्हीकडे तोच.