कुतच्या खंदकांतील हिवाळा

खंदकातील लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फ्रान्सची रणभूमी उभी राहते. परंतु असाच एक हिवाळा मराठी शिपायांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये काढला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाऊनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तीन बाजूंना तैग्रिस नदीचा वळसा आणि चौथ्या बाजूस खंदकांच्या रांगा, अशी ती जागा होती.

शिपायाचा दिवस कसा जाई? उजेडी डोके वर काढण्याची सोय नव्हती. शत्रूचे नेमबाज टपलेलेच असत. म्हणून खणणे, ढासळलेली माती सावरणे, नदीचे पाणी आणणे ही कामे शक्यतो रात्री उरकावी लागत. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला कुदळ-फावडे आणि चिखल नवे नाहीत. पण जानेवारीत पाऊस झाला, नदीला पूर आला, पाणी खंदकांत शिरले. ओल्या अंगाने, पुरेशा सरपणावाचून तिथली थंडी काढणे ही गोष्टच निराळी!

पोटाची कथा याहून बोलकी आहे. धान्य होते, पण दळायचे कसे? तेव्हा जात्याचे दगड विमानातून टाकण्यात आले. पुढे घोडे मारून खाण्याची पाळी आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस घेतले. बहुसंख्य हिंदी शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले. धर्माधिकाऱ्यांची अनुमती मिळवूनही मन धजेना. गावी परतल्यावर भावकी काय म्हणेल, पंगतीला कोण घेईल, ही धास्ती होती. भाजीपाल्याअभावी स्कर्व्ही पसरली. एप्रिलमध्ये उपासमार असह्य झाली, तेव्हा पुष्कळांनी तो घास गिळला. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. सुमारे १३,००० जण कैद झाले आणि त्यांतील हजारो परतले नाहीत.

मला वाटते, खंदकातला शिपाई एकटा नसतो. त्याचे गाव त्याच्याबरोबर असते. पण गावाने त्याला किती लक्षात ठेवले? महाराष्ट्रातील अनेक गावांत त्या युद्धाच्या शिळा आहेत. गेले किती, कामी आले किती, एवढेच त्या सांगतात. नावे बहुधा नसतात. मित्रहो, आपल्या गावी अशी शिळा असेल, तर म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या आकड्यांमागची नावे टिपून ठेवू या.