प्रायोजकाचे नाव पटलावर यावे

६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादेत परवेझ मुशर्रफ यांनी वाजपेयींना आश्वासन दिले की, पाकिस्तानच्या नियंत्रणाखालील भूमी दहशतवादासाठी वापरू दिली जाणार नाही. २००६ मध्ये हवाना येथे संयुक्त दहशतवादविरोधी यंत्रणा उभारण्याचे ठरले. बंद दाराआडच्या अशा बैठकांत कोणावर बोट ठेवले जाते, हे नागरिकांना क्वचितच कळते.

२००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. जानेवारी २००९ मध्ये भारताने पुराव्यांचा दस्तऐवज पाकिस्तानसह इतर देशांनाही दिला. पुढच्याच महिन्यात, कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचे पाकिस्तानने मान्य केले.

खबऱ्यांची नावे गुप्त राहावीत, प्रायोजकांची नव्हे. वाटाघाटींच्या प्रत्येक फेरीनंतर कोणते पुरावे दिले व कोणते उत्तर मिळाले, याचे निवेदन सरकारने संसदेच्या पटलावर ठेवावे. आप्त गमावलेल्यांचा हा किमान हक्क आहे.